तात्पुरतं

कंट्रोलर आला तेव्हा खोक्यात पाच भाषा होत्या.
शिडी, ठोकळे, मजकूर, टप्प्यांचा नकाशा,
आणि एक जुनी, आखूड आज्ञांची, जी आता कुणी बोलत नाही.
कामदारशेठ म्हणाले, "कोणती पण घ्या,
बाटली भरली पाहिजे आणि झाकण बसलं पाहिजे."
मरोळ एमआयडीसी, मागची गल्ली, खोबरेल तेलाची लाइन,
मिनिटाला साठ बाटल्या.

मी मजकूर घेतला.
खरं सांगू, हौस म्हणून.
कॉलेजात शिकलेलं जर, तर, नाहीतर,
स्वच्छ समास सोडून,
हीटरची सगळी अक्कल बारा ओळींत.
शिडी मला म्हाताऱ्यांची वाटायची,
रिले गेले तरी रिलेचंच चित्र काढत बसलेली,
वरात निघून गेल्यावरही
मांडवात बसून राहिलेल्या पाहुण्यासारखी.

जानेवारीत एका रात्री पारा सोळावर आला.
खोबरेल गोठलं. पाइपात पांढरं, मेणासारखं, गप्प.
पावणेतीनला फोन:
जनार्दन भोईर, रात्रपाळीचे इलेक्ट्रिशियन,
मुक्काम भांडुप, आयटीआय एकोणनव्वद.
"मॅडम, हीटर घेत नाही. तुमचं इंग्रजी उघडलंय समोर.
यात करंट कुठपर्यंत आलाय, ते कुठे बघायचं?"

मी अंथरुणातून सांगत राहिले,
चौथी ओळ, कंसातला दुसरा शब्द.
ते वाचत राहिले एकेक अक्षर,
टी, ए, एन, के, खाली रेघ,
दुसऱ्याच्या घरची तार वाचावी तसे.
शेवटी साडेसहाला त्यांनीच शोधलं,
टाकीवर चढून, टेस्टर लावून:
फ्लोट अडकला होता.
माझ्या बारा ओळींत तो होता. दिसत नव्हता.

रविवारी, लाइन बंद असताना, सगळं शिडीत उतरवलं.
बारा ओळींच्या एक्केचाळीस पायऱ्या झाल्या.
तापमानाचं गणित तेवढं मजकुरात ठेवलं,
शिडीत भागाकार करणं म्हणजे
चिमट्याने भात खाणं.
बाकी सगळं डावा खांब, उजवा खांब,
मध्ये बटण, फ्लोट, दाराचा स्विच.
जिथवर वाट मोकळी तिथवर हिरवं,
हिरवं संपेल तिथे पाना घेऊन जायचं.
भोईर काचेवर बोट फिरवत होते, मागे तेलाचे ठसे.
"याच्या खाली मराठीत लिहा ना, काय काय आहे ते."

सॉफ्टवेअर देवनागरी घेत नाही, नुसते चौकोन उमटतात.
मग रोमन अक्षरांत, मोबाइलवर लिहितो तसं:
टाकीत तेल आहे का बघ.
दार उघडं असेल तर सुरू नाही होणार.
ही सहावी. खोक्यात नव्हती.
पासवर्डही त्यांना मीच दिला.

मे महिन्यात बॅकअप घेतला, जुन्याशी ताडून पाहिला.
सतराव्या पायरीला एक नवी फांदी फुटलेली,
फ्लोटला वळसा घालून गेलेली,
माझ्यापेक्षा नीट आखलेली,
आणि खाली:
फ्लोट परत अडकला. तात्पुरतं. ज. भो., ४ फेब्रुवारी.

तीन महिने.
रिकाम्या टाकीतही हीटर लागला असता.
मी बोलले, नको इतकं बोलले,
मीटिंगमध्ये बोलतात त्या भाषेत.
त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले.
"स्टोअरला तीनदा मागितलाय फ्लोट. चिठ्ठ्या आहेत.
आणि रोज रात्री दोनला मी काठी घालून बघतो टाकीत."
खिशातून डायरी काढली.
तारीख, सेंटिमीटर, तारीख, सेंटिमीटर,
सुट्टीच्या रात्री दुसऱ्या कुणाचं तरी अक्षर.

हाही प्रोग्रामच की.
कुठल्या भाषेतला म्हणायचा?

फ्लोट मी लोहार चाळीतून आणला, माझ्या पैशांनी.
त्यांनी बसवला, मी फांदी छाटली.
खालची ओळ पुसायला कर्सर नेला
आणि लॅपटॉप मिटला.
सतराव्या पायरीला आता कसलाच वळसा नाही,
तरी लिहिलेलं आहे, तात्पुरतं.

पावती शेठकडे पाठवली आहे.
पैसे अजून यायचेत.